तालुक्याच्या धर्मादाय रुग्णालयाचे नवे विश्वस्त: आरोग्यव्यवस्था बदलत असताना मंडळ कसे चालवावे

विदर्भातील बऱ्याच तालुक्यांत चाळीस-पन्नास खाटांचे एखादे रुग्णालय असे असते, की जे सरकारी नाही आणि कोणा एका डॉक्टरच्या मालकीचेही नाही. गावातील कोणीतरी जागा दिलेली असते, वर्गणीतून इमारत उभी राहिलेली असते आणि सार्वजनिक न्यास म्हणून त्याची नोंदणी झालेली असते. अशा रुग्णालयाच्या मंडळावर निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले माजी अधिकारी, शेतकरी, व्यापारी, कधी एखाद्या निवृत्त परिचारिका येतात. सगळे सद्भावनेने येतात. परंतु पहिल्या बैठकीत ताळेबंद, क्लेम, पूर्वमंजुरी, बदल अर्ज असे शब्द कानावर पडले की काय विचारावे हेच कळत नाही. अशा एका मंडळाचे सचिवपद मी सांभाळले आहे आणि हा लेख नव्याने येणाऱ्या विश्वस्तांसाठी लिहीत आहे.

सध्याच्या काळात मंडळासमोरचा सर्वांत मोठा धोका मला पुढीलप्रमाणे दिसतो. शासनाच्या आरोग्य योजना बदलतात, त्यांचे दर बदलतात, जवळपास नवी सरकारी महाविद्यालये येतात आणि या ओढाताणीत कोणीही निर्णय न घेता रुग्णालयच बदलून जाते. प्रसूती विभाग आधी रात्री बंद होतो, मग भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून आठवड्यातून दोनच दिवस चालतो, आणि वर्षभराने तो बंद झाल्याचे सगळ्यांना माहीत असते, पण इतिवृत्तात त्याचा एकही ठराव सापडत नाही. रुग्णालयात कोणताही मोठा बदल चर्चेशिवाय आणि ठरावाशिवाय होऊ न देणे हे मंडळाचे पहिले काम आहे. पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. पहिल्या बैठकीआधी कागद मागून घ्या

विश्वस्त झाल्याचे पत्र मिळताच सचिवांकडे पुढील कागदांच्या प्रती मागाव्यात. मागण्यात संकोच करू नये, कारण कायद्याने जबाबदारी आपल्यावरही येते.

- विश्वस्तपत्र किंवा संस्थेची घटना व नियमावली
- सार्वजनिक न्यास नोंदवहीचा उतारा, म्हणजे परिशिष्ट एक
- प्रलंबित आणि मंजूर बदल अर्जांची यादी (बदल अर्ज म्हणजे विश्वस्त बदलल्यासारखे फेरबदल धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत घेण्यासाठी केलेला अर्ज)
- मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- प्राप्तिकराची नोंदणी आणि देणगीवरील सवलतीचे प्रमाणपत्र
- शुश्रूषागृह नोंदणी प्रमाणपत्र
- अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे
- प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या केंद्राशी झालेला करार
- सोनोग्राफी केंद्राची नोंदणी व क्ष-किरण यंत्राचा परवाना
- शासनाच्या जनआरोग्य योजनेशी (तिची माहिती पुढे दिली आहे) झालेला करार
- जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मूळ बक्षीसपत्र
- मागील दोन वर्षांची इतिवृत्ते

यातील दोन कागद विशेष लक्ष देऊन वाचावेत. पहिला परिशिष्ट एकचा उतारा. अनेक संस्थांमध्ये दिवंगत झालेल्या विश्वस्तांची नावे त्यात तशीच असतात, कारण बदल अर्ज कधी दाखलच झालेला नसतो किंवा त्रुटीत अडकलेला असतो. मग बँक खात्याच्या सह्यांपासून शासकीय करारापर्यंत सर्वत्र अडचण येते. दुसरा कागद जागेचा. दात्याने तोंडी किंवा साध्या कागदावर जागा दिलेली असते, सातबाऱ्यावर त्याचेच नाव राहते आणि दोन पिढ्यांनंतर वारसांना त्या जागेची किंमत कळते. तालुक्याच्या गावातून चौपदरी रस्ता गेला की हा प्रश्न हमखास उभा राहतो. दाते हयात असतील तर नोंदणीकृत दस्त आणि फेरफार त्यांच्या हयातीतच करून घ्यावा.

सर्व परवान्यांच्या मुदती एका कागदावर तारखांच्या क्रमाने लिहून बैठकीच्या खोलीत लावाव्यात. शुश्रूषागृह नोंदणी तीन वर्षांची, सोनोग्राफीची नोंदणी पाच वर्षांची, प्राप्तिकराची नोंदणीही आता ठरावीक मुदतीची असते. मुदत संपल्यावर धावपळ करणारी रुग्णालये थोडी नाहीत, आणि शासकीय योजनेचा करार अशा एखाद्या संपलेल्या परवान्यावरही अडतो.

२. काय बदलले आहे, ते तारखांसह समजून घ्या

जुन्या विश्वस्तांच्या मनात अजून त्यांच्या वेळचे रुग्णालय असते, तेव्हा रुग्ण ऐपतीप्रमाणे पैसे देत आणि उरलेली तूट देणगीतून भरली जाई. आजचा हिशेब वेगळा आहे.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यात आपल्याकडील अमरावती व गडचिरोली हे दोन जिल्हे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. बरीच वर्षे पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर ती मिळत होती आणि शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ होता. त्या चौदांपैकी अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा हे सहा जिल्हे विदर्भातले. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. म्हणजे आपल्या दारात येणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण योजनेचा लाभार्थी असू शकतो, परंतु त्याचा प्रत्येक आजार योजनेच्या यादीत असेलच असे नाही. बाह्यरुग्ण विभागातील साधा ताप, रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाची नियमित तपासणी हा खर्च योजनेबाहेरच राहतो.

दुसरा बदल सरकारी रुग्णालयांचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांपैकी अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली ही पाच विदर्भात आहेत. गरीब रुग्णासाठी ही चांगलीच गोष्ट आहे आणि मंडळाने ती तशीच मानावी. मात्र आपल्याकडे आठवड्यातून दोनदा येणारे तज्ज्ञ उद्या महाविद्यालयात पूर्णवेळ रुजू होऊ शकतात, आणि आपले काही रुग्ण तिकडे जाऊ शकतात. हे गृहीत धरूनच पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक करावे लागते.

तिसरा बदल नोंदींचा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि आभा क्रमांक (प्रत्येक व्यक्तीचा डिजिटल आरोग्य क्रमांक), रुग्णालयाची राष्ट्रीय नोंद, संगणकीय केसपेपर या गोष्टी आता तालुक्यातही आल्या आहेत. सॉफ्टवेअर घेताना मंडळाने दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: करार संपल्यावर रुग्णांची संपूर्ण माहिती आपल्याला वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळणार का, आणि वीज किंवा इंटरनेट नसताना नोंद कशी होणार. भारनियमन असलेल्या गावात दुसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.

३. मंडळाचे काम आणि डॉक्टरांचे काम यांची सीमा लिहून ठेवा

बहुतेक भांडणे येथूनच सुरू होतात. एखादे विश्वस्त वॉर्डात जाऊन परिचारिकेला बोलतात, आपल्या गावच्या रुग्णाला आधी तपासायला सांगतात, औषध बदलण्याविषयी सुचवतात. दुसऱ्या टोकाला काही मंडळे अशी असतात, की वैद्यकीय अधीक्षक म्हणतील त्यावर सही करून मोकळी होतात. दोन्ही प्रकारांत मंडळ म्हणून होणारे काम होतच नाही.

एका पानाचा कागद तयार करावा. रुग्णालयाचा उद्देश, वार्षिक अंदाजपत्रक, सेवा सुरू किंवा बंद करणे, दरपत्रक, वैद्यकीय अधीक्षकांची नेमणूक व वार्षिक आढावा, जागा आणि मोठी यंत्रसामग्री, आणि रुग्णसुरक्षेवर देखरेख, हे मंडळाकडे. उपचार, पाळ्या, कर्मचाऱ्यांची दैनंदिन शिस्त, ठरवून दिलेल्या रकमेपर्यंतची खरेदी, हे अधीक्षकांकडे. विश्वस्ताला तक्रार कळली तर त्यांनी ती अध्यक्षांना किंवा अधीक्षकांना लेखी कळवावी, थेट कर्मचाऱ्याला आदेश देऊ नये. हा कागद ठरावाने मंजूर करून प्रत्येक नव्या विश्वस्ताची त्यावर सही घ्यावी. तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, नातेसंबंध असतात, त्यामुळे तोंडी नियम टिकत नाही.

४. पैशाची वाट दर महिन्याला पाहा

योजनेचे रुग्ण वाढले की वॉर्ड भरलेले दिसतात आणि मंडळ समाधानी होते. त्याच वेळी पगाराला पैसे नसतात. कारण उपचार आज होतो, पैसे नंतर येतात आणि मधल्या काळात औषधांचा पुरवठादार, ऑक्सिजनचा पुरवठादार आणि मानधनावर येणारे शल्यचिकित्सक थांबत नाहीत. म्हणून उत्पन्न आणि हातात आलेला पैसा हे दोन आकडे मंडळासमोर वेगवेगळे आले पाहिजेत.

हिशेबनिसांकडून दर महिन्याला एका पानावर पुढील माहिती मागावी: किती क्लेम (उपचाराच्या पैशासाठी योजनेकडे केलेली मागणी) पाठवले, किती मंजूर झाले, किती रकमेची कपात झाली, किती नाकारले आणि का, आणि किती क्लेम दोन महिन्यांपेक्षा जुने आहेत. त्याच पानावर बँकेतील शिल्लक आणि पुढील तीन महिन्यांची ठरलेली देणी असावीत. नाकारलेल्या क्लेमची कारणे वाचली तर बहुधा उपचारात दोष नसतो. पूर्वमंजुरी उशिरा मागितली, शस्त्रक्रियेच्या टिपणावर वेळ नाही, घरी सोडतानाचा फोटो नाही, तपासणीचा अहवाल जोडलेला नाही, अशी कारणे असतात. हे काम आरोग्यमित्रांचे, म्हणजे योजनेने रुग्णालयात नेमलेल्या मदतनीसांचे आहे असे समजून सोडून देणे हा नेहमीचा सापळा आहे. आरोग्यमित्र रुग्णाला मदत करण्यासाठी असतात. कागद पूर्ण करण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, आणि त्यासाठी एक प्रशिक्षित कर्मचारी स्वतंत्रपणे नेमणे परवडते.

आणखी एक प्रश्न प्रत्येक मंडळाने वर्षातून एकदा विचारावा: योजनेतील कोणत्या उपचाराला आपला प्रत्यक्ष खर्च किती येतो. जेथे योजनेचा दर खर्चापेक्षा कमी आहे, तेथे तो उपचार द्यायचा नाही असा अर्थ नाही. तो द्यायचा असेल तर तूट कोठून भरणार हे आधी ठरवायचे. योजनेत असलेल्या उपचारासाठी लाभार्थी रुग्णाकडून वरचे पैसे घेणे हा त्यावरचा मार्ग कधीही असू शकत नाही. असे घडते आहे अशी कुजबुज जरी कानावर आली तरी मंडळाने त्याच आठवड्यात चौकशी करावी. रुग्णाचा विश्वास एकदा गेला की तो दरपत्रक बदलून परत येत नाही, आणि योजनेतून नाव वगळले जाण्याची कारवाई होते ती वेगळीच.

शिल्लक रकमेबाबत एक स्पष्ट इशारा द्यावासा वाटतो. गावातील पतसंस्था जास्त व्याज देते, तिचे संचालक ओळखीचे असतात, म्हणून रुग्णालयाची ठेव तेथे ठेवण्याचा आग्रह होतो. न्यासाचा पैसा कोठे गुंतवता येतो हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ मध्ये सांगितले आहे आणि प्राप्तिकर कायद्यानेही त्याच्या जागा ठरवून दिल्या आहेत. पतसंस्थेतील ठेव त्यात बसत नाही. संस्था बुडाली तर विश्वस्तांवर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते.

त्याच अधिनियमाच्या कलम ३६ नुसार स्थावर मालमत्ता विकणे किंवा बक्षीस देणे यासाठी, तसेच इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ भाडेपट्ट्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. डायलिसिस केंद्र, पॅथॉलॉजी किंवा औषध दुकानासाठी बाहेरच्या कंपनीशी दहा वर्षांचा करार करण्याचे प्रस्ताव आता तालुक्यातही येऊ लागले आहेत, तेव्हा हे कलम हमखास विसरले जाते. यंत्रासाठी संस्थेच्या नावाने कर्ज काढायचे असेल तरी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ठराव झाला म्हणजे परवानगी मिळाली असे समजू नये.

५. धर्मादाय खाटांचा हिशेब मंडळाने स्वतः तपासावा

अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली येणाऱ्या रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने तयार झालेली योजना २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात जमा करावी लागते. पात्रतेसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पाहिली जाते. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून चालू मर्यादा सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून लेखी घेऊन दर्शनी भागात लावावी.

सापळा असा, की निधी ताळेबंदात दिसतो पण खर्च होत नाही, किंवा वर्षअखेरीस घाईने खर्च दाखवला जातो. मंडळाने दर तिमाहीला खात्याचे बँक विवरणपत्र पाहावे आणि त्या खाटांवर कोण दाखल होते याची नोंदवही, नावे झाकून का होईना, वाचावी. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी थांबवू नये आणि दाखला नंतर आणू द्यावा, हे स्वागतकक्षातील प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी कळवलेले असावे. धानोऱ्याहून किंवा मेळघाटातून आलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता तहसीलचा दाखला मागणे हा अन्याय आहे.

जनआरोग्य योजनेतून आता सर्वांनाच उपचार मिळतात, मग या खाटांची गरज काय, असा प्रश्न बैठकीत निघतो. योजनेत न बसणारे आजार, योजनेची नोंद नसलेले स्थलांतरित मजूर, शेजारच्या राज्यातून आलेले रुग्ण, यांच्यासाठी ती गरज अजूनही आहे, आणि तिची अंमलबजावणी कायद्याने बंधनकारक आहे.

६. रुग्णसुरक्षा हा प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ठेवा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. विदर्भातील कोणत्याही रुग्णालयाच्या मंडळाने ही घटना विसरू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते. प्रमाणपत्र आहे एवढ्यावर मंडळाने थांबू नये. रात्रपाळीत नवजात कक्षात कोण असते, बाहेर पडण्याच्या मार्गावर खाटा किंवा जुने सामान ठेवलेले आहे का, अग्निशामक नळकांडे वापरायला कोणाला येते, वॉर्मर (नवजात बाळाला ऊब देणारे यंत्र) आणि वातानुकूलन यंत्रांचा वीजभार कोणी व केव्हा तपासला, हे प्रश्न विचारावेत. दोन विश्वस्तांनी वर्षातून एकदा, आधी कळवून, रात्रीच्या वेळी इमारतीची फेरी मारावी. ती फक्त पाहण्यासाठी असावी. सूचना नंतर लेखी द्याव्यात.

अधीक्षकांकडून दर तिमाहीला मागण्याचे आकडे थोडे ठेवावेत, पण ते न चुकता मागावेत: मातामृत्यू व बालमृत्यू, शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग, दाखल झाल्यापासून चोवीस तासांत दुसरीकडे पाठवलेले रुग्ण, रुग्णांच्या तक्रारी आणि त्यांवर केलेली कारवाई. मृत्यूचा आकडा दिसल्यावर डॉक्टरांना जाब विचारण्याच्या सुरात बोलू नये, नाहीतर पुढच्या वेळी आकडा लपवला जातो. काय घडले, वेळेवर काय मिळाले नाही आणि पुढे काय बदलणार, एवढेच विचारावे व उत्तर इतिवृत्तात घ्यावे.

आपल्या भागाचे हंगामही मंडळाला माहीत असतात आणि येथे बिगरवैद्यकीय विश्वस्तांचे ज्ञान खरोखर उपयोगी पडते. पेरणी सुरू होण्याआधी सर्पदंशावरील लस किती आहे, कपाशीवर फवारणीचे दिवस येण्याआधी विषबाधेवरील औषधांचा साठा आहे का, मे महिन्यात उष्माघाताच्या रुग्णासाठी थंड खोली कोणती, हे प्रश्न त्या त्या हंगामाआधीच्या बैठकीतच विचारले पाहिजेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा पहिल्या काही तासांचे महत्त्व सर्वांना कळले. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण कायम असतात. त्यांची तपासणी व औषधे यांचा आढावा वर्षातून एकदा तरी व्हावा.

जैववैद्यकीय कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त साठवू नये आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत जावा, असे २०१६ चे नियम सांगतात. पावसाळ्यात गाडी आली नाही तर काय करायचे, याचे उत्तर अधीक्षकांकडे तयार असावे.

७. सेवा सुरू किंवा बंद करताना हा क्रम पाळा

एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून यंत्र मिळण्याची शक्यता असते. वणी, चंद्रपूर, उमरेड या कोळसा पट्ट्यात असे प्रस्ताव वरचेवर येतात. यंत्र फुकट मिळते, पण ते चालवणारा तंत्रज्ञ, वार्षिक देखभाल करार, वीज आणि वापरायचे साहित्य फुकट मिळत नाही. कोविडच्या काळात मिळालेली ऑक्सिजन संयंत्रे देखभालीअभावी बंद पडलेली आपण आजूबाजूला पाहतो. म्हणून स्वीकाराचा ठराव करण्याआधी पुढील टिपण अधीक्षकांकडून लेखी घ्यावे: गरज किती रुग्णांना आहे, ते सध्या कोठे जातात, चालवणारे कोण, पाच वर्षांचा खर्च किती, आणि पैसे कोठून येणार.

बंद करण्याचा निर्णय अधिक काळजीने घ्यावा. समजा प्रसूती विभागाला भूलतज्ज्ञ मिळत नाही. पहिल्या बैठकीत फक्त माहिती मांडावी: वर्षभरातील प्रसूती, त्यातील शस्त्रक्रिया, पाठवून दिलेल्या स्त्रिया, आणि जवळचे शस्त्रक्रियेची सोय असलेले ठिकाण पावसाळ्यात किती वेळाच्या अंतरावर आहे. नदीला पूर आला की नकाशावरचे अंतर उपयोगाचे राहत नाही. दुसऱ्या बैठकीआधी परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि दोन-तीन गावांतील सरपंच यांच्याशी बोलावे. शेजारच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटून तज्ज्ञ वाटून घेता येतील का, हे पाहावे. त्यानंतरच ठराव करावा आणि त्यात पर्यायी व्यवस्था, तारीख आणि पुनर्विचाराचा महिना लिहावा. ठरावाचा नमुना असा असू शकतो:

"ठराव: भूलतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने नियोजित शस्त्रक्रियेच्या प्रसूती दिनांक ____ पासून तात्पुरत्या थांबवण्यात येत आहेत. साध्या प्रसूती चोवीस तास चालू राहतील. शस्त्रक्रियेची गरज भासल्यास रुग्णाला ____ येथे रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेतून, सोबत परिचारिका देऊन, मोफत पाठवण्यात येईल. वैद्यकीय अधीक्षकांनी दर महिन्यास अहवाल द्यावा. ____ महिन्याच्या बैठकीत या ठरावाचा पुनर्विचार होईल. सूचक: ____ अनुमोदक: ____"

पुनर्विचाराचा महिना लिहिलेला नसेल तर तात्पुरता निर्णय कायमचा होतो. तो कळीचा शब्द गाळू देऊ नका.

८. हितसंबंध उघड करा

विश्वस्तांच्या भावाचे औषध दुकान, जावयाची बांधकाम संस्था, मंडळावर असलेल्या डॉक्टरांचे स्वतःचे खासगी रुग्णालय, हे लहान गावात टाळता येत नाही. ते लपवणे मात्र टाळता येते. दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक विश्वस्ताने लेखी निवेदन द्यावे; संबंधित विषय आला की त्यांनी खोलीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. खरेदीसाठी तीन दरपत्रके नुसती फाइलला लावू नयेत, कारण तिन्ही एकाच टेबलावर भरलेली असू शकतात. अधूनमधून एखाद्या विश्वस्ताने जिल्ह्याच्या बाजारात स्वतः भाव विचारून यावे.

९. बैठक आणि इतिवृत्त

दर दोन महिन्यांनी एक बैठक पुरते. सूचनापत्रासोबत विषयपत्रिका आणि वर सांगितलेली कागदपत्रे सात दिवस आधी पोहोचली पाहिजेत. बैठकीत वाटलेल्या कागदावर निर्णय घेऊ नये. गणपूर्ती घटनेप्रमाणे मोजावी. घरी जाऊन सह्या गोळा करण्याची प्रथा असेल तर ती थांबवावी, कारण वाद धर्मादाय कार्यालयात गेला की पहिला प्रश्न उपस्थितीचाच निघतो. इतिवृत्तात निर्णय, त्याचे कारण, जबाबदार व्यक्ती आणि मुदत एवढे असावे, आणि कोणी विरोध केला असल्यास तोही नोंदवावा. विरोधाची नोंद मागणे म्हणजे भांडण नव्हे, तो विश्वस्ताचा हक्क आहे.

१०. पुढचे विश्वस्त आतापासून शोधा

मंडळात एकाच वयाची, एकाच समाजाची आणि एकाच व्यवसायाची माणसे असतील तर प्रश्नही एकाच प्रकारचे निघतात. किमान दोन महिला, त्यांपैकी शक्य असल्यास एखादी अनुभवी परिचारिका किंवा शिक्षिका, हिशेब वाचता येणारी एक व्यक्ती, आणि ज्या गावांतून रुग्ण येतात तेथील एक प्रतिनिधी असावा. घटनेत मुदत आणि निवृत्तीची तरतूद नसेल तर ती कशी करता येईल, याचा सल्ला न्यासाच्या कामाची माहिती असलेल्या वकिलांकडून घ्यावा.

निवड, राजीनामा किंवा निधन यांपैकी काहीही झाले की बदल अर्ज नव्वद दिवसांत दाखल व्हावा लागतो. त्यासाठी बैठकीचे सूचनापत्र, ते पोहोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांचे संमतिपत्र व ओळखपत्र, आणि राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला ही कागदपत्रे बैठकीच्या दिवशीच एका फाइलमध्ये ठेवावीत. दाखल केल्याची पोच आणि अर्जाचा क्रमांक पुढच्या बैठकीत वाचून दाखवावा, आणि मंजुरीचा आदेश हाती येईपर्यंत हा विषय प्रत्येक विषयपत्रिकेवर राहू द्यावा.